९९.२ टक्के शुद्ध, म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात जिममधल्या एका धाकट्या मित्राने लॉकरमधून एक छोटी काचेची कुपी काढून माझ्या हातात ठेवली आणि मोबाइलवर एक आलेख उघडून विचारले, "दादा, तू लॅबमध्ये असतोस ना, जरा बघून सांग, माल ओरिजिनल आहे का?" कुपीवर 'बीपीसी-१५७, ५ मिलिग्रॅम' असे छापले होते (हे एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) आणि त्याखाली, चष्मा लावूनच वाचता येईल इतक्या बारीक टायपात, हा पदार्थ केवळ संशोधनासाठी असून माणसांसाठी नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. तळाशी पांढऱ्या पावडरची चकती चिकटलेली. आलेख एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा होता: एकच उंच पीक (शिखर) आणि खाली शुद्धता ९९.२ टक्के.

औषधांच्या गुणवत्ता नियंत्रणात मी गेली १४ वर्षे असलेच आलेख वाचतो आहे. हा आलेख खरा आहे आणि याच कुपीचा आहे, असे क्षणभर धरून चालू. तरीही जो माणूस ही पावडर पाण्यात विरघळवून पोटाच्या कातडीखाली टोचून घेणार आहे, त्याला जे कळायला हवे ते या आकड्यात नाही, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून ही पोस्ट लिहितो आहे.

पेप्टाइड तपासताना एचपीएलसीचा डिटेक्टर बहुधा २१४ किंवा २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर लावलेला असतो, कारण पेप्टाइडमधले बंध तो प्रकाश शोषतात. त्यामुळे ९९.२ टक्के याचा अर्थ इतकाच की, त्या डिटेक्टरला जे दिसले त्यातले ९९.२ टक्के एकाच पीकमध्ये आले. पावडरमधले पाणी आणि क्षार या हिशेबात धरलेलेच नसतात, म्हणून कुपीत ५ मिलिग्रॅमऐवजी साडेतीन मिलिग्रॅम पेप्टाइड असले तरी आकडा ९९.२ च राहील. ते पीक बीपीसी-१५७ चेच आहे का, हे ठरवायला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूचे वजन मोजणारी चाचणी) वेगळी करावी लागते. आणि जिवाणू तर या आलेखात दिसतच नाहीत.

खरी भीती जिवाणूंपेक्षाही त्यांच्या अवशेषांची आहे. ग्रॅम-निगेटिव्ह या गटातले जिवाणू मेल्यावर त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन, म्हणजे रक्तात गेले की ताप आणणारे विष, मागे राहते. ते नेहमीच्या ऑटोक्लेव्हने (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने) नष्ट होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही आरपार जाते, आणि काचेच्या कुप्यांवरून ते घालवायला आमच्याकडे त्या सुमारे २५० अंशांवर भाजाव्या लागतात. इंजेक्शनसाठी त्याची सर्वमान्य मर्यादा तासाला दर किलो वजनामागे ५ एंडोटॉक्सिन एकके आहे. ७० किलोच्या माणसासाठी ती ३५० एकके, म्हणजे ढोबळमानाने ३५ नॅनोग्रॅम होते, आणि ५ मिलिग्रॅमच्या कुपीत ३५ नॅनोग्रॅम म्हणजे ०.०००७ टक्के. ज्या कागदावर ०.८ टक्के मोकळे सोडले आहेत, त्या कागदाच्या भरवशावर सुई टोचायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तपासणीसाठी कुपी पाठवतो, असेही काही जण सांगतात. आमच्याकडे निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवस चालते आणि तपासलेली कुपी त्यातच संपते. तिच्यावरून उरलेल्या कुप्यांबद्दल बोलता येते ते केवळ सगळी बॅच एकाच वेळी, एकाच यंत्रावर, नोंदी ठेवून भरलेली असते म्हणून. लेबलवर 'संशोधनासाठी' असे लिहिले की विकणारा स्वतःला औषधनिर्माता मानत नाही आणि त्या नोंदी दाखवण्याचे बंधनही झटकून टाकतो. मित्राच्या कुपीवर बॅच नंबरच नव्हता.

पेप्टाइड म्हणजे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ५१ अमिनो आम्लांच्या इन्सुलिनवर लाखो माणसे जगत आहेत. पण त्यामागे माणसांवरच्या चाचण्या आहेत, आणि बीपीसी-१५७ चे बहुतेक काम उंदरांवर झालेले आहे. खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या 'वाडा' या जागतिक संस्थेने २०२२ मध्ये ते बंदी यादीत घातले ते मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये ते सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांमध्ये टाकले, आणि त्यात शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठण्याचा धोका हे एक कारण होते. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांनी निदान बंदीचे तरी लक्षात ठेवावे.

बाकी घोळ घरी होतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज यू-४० आणि यू-१०० अशा दोन्ही मिळतात. लाल टोपणाच्या यू-४० वर १० ची रेघ म्हणजे ०.२५ मिलिलिटर, तर केशरी टोपणाच्या यू-१०० वर ०.१ मिलिलिटर. यू-१०० धरून सांगणारे परदेशी व्हिडिओ पाहून '१० युनिट' भरणारा मुलगा मेडिकलवाल्याने लाल टोपणाची दिली तर अडीचपट घेऊन बसतो. शिवाय मेडिकलमधले साधे इंजेक्शनचे पाणी एकदाच वापरायचे असते, त्यात जिवाणू रोखणारे काही नसते. त्याच पाण्यात विरघळवलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवून महिनाभर तिच्या रबरी बुचात रोज सुई खुपसत राहणारे मी पाहिले आहेत.

मित्राला मी विकणाऱ्याकडे एंडोटॉक्सिनचा आणि निर्जंतुकतेचा अहवाल मागायला सांगितले. "भाई, ९९ प्लस आहे, अजून काय पाहिजे?" असे उत्तर आले आणि पुढच्या ऑर्डरवर सवलतीचा कोड. हा सगळा खटाटोप उजवा खांदा दुखतो म्हणून होता, आणि तो खांदा तोवर एकाही डॉक्टरला दाखवलेला नव्हता. आता फिजिओथेरपी सुरू आहे, बेंच प्रेस बंद आहे आणि त्यावरून तो माझ्यावर थोडा रागावलेलाही आहे. कुपी मात्र अजून त्याच्या फ्रीजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात आहे. पैसे मोजलेत, टाकवत नाही म्हणतो.