‘४२ अंशांच्या पाण्यात कॅन्सर मरतो’: त्या फॉरवर्डची उलटतपासणी

घरात कुणाला कॅन्सर निघाला की फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातला एक सल्ला शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: कॅन्सरच्या पेशी ४२ अंशांना मरतात, म्हणून रुग्णाला रोज अर्धा तास हॉट टबमध्ये (जेटने बुडबुडे सोडणाऱ्या, गरम पाणी भरून ठेवलेल्या टबात), नाहीतर वज्रेश्वरी-गणेशपुरीसारख्या गरम कुंडात बसवा. क्लोरीन किंवा गंधक असल्यामुळे जंतूंची भीती नाही. घामावाटे केमोचं विष बाहेर पडतं, हाताची सूज उतरते, दुखणं थांबतं.

यातलं निम्मं खरं आहे आणि घोटाळा तिथेच होतो. एकेक दावा तपासू.

‘कॅन्सरच्या पेशी ४२ अंशांना मरतात’

उष्णतेचा उपचार खराखुरा आहे. त्याला हायपरथर्मिया म्हणतात. मायक्रोवेव्ह, रेडिओलहरी किंवा अल्ट्रासाउंड वापरून गाठीचा भाग ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान तापवतात, तोही रेडिएशन किंवा केमोच्या जोडीला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत अशी उष्णता दिल्याने फायदा झाल्याची नेदरलँड्समधली चाचणी २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पोटातल्या काही कॅन्सरमध्ये ऑपरेशन करून गाठी काढल्यावर ४१ ते ४३ अंशांचं केमोचं औषध पोटाच्या पोकळीत तास-दीड तास फिरवतात. हायपेक म्हणतात ते हेच. रुग्ण भुलीखाली असतो आणि शरीराच्या तापमानावर सतत लक्ष ठेवलेलं असतं.

आता टबाचा हिशेब मांडू. पाणी ४० अंशांचं आहे. उष्णता कातडीतून आत येते, रक्त ती उचलतं आणि अंगभर वाटून टाकतं. एरवी घाम सुकून शरीर थंड होतं, पण गळ्यापर्यंत पाण्यात असताना घाम सुकणार कुठे? त्यामुळे आतलं तापमान चढत जातं, अर्ध्या तासात साधारण एक अंशाने. म्हणजे ३७ चं ३८ झालं. यकृतातली किंवा फुप्फुसातली गाठ अशी पाण्यात बसून ४२ अंशांवर न्यायची, तर तिच्याभोवतीचं रक्तही जवळपास तेवढं तापवावं लागेल. आतलं तापमान ४० च्या वर जाऊन माणूस बरळायला लागला की त्याला उष्माघात म्हणतात. गाठीला काही व्हायच्या आधी रुग्ण आयसीयूत पोहोचेल. पाणी ४२ अंशांचं असणं आणि गाठ ४२ अंशांची होणं यांत एवढं अंतर आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने हॉट टबासाठी घातलेली कमाल मर्यादाच ४० अंश आहे, आणि ती धडधाकट माणसांसाठी.

याला जोडून एक गोष्ट. केमो चालू असताना ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला की लगेच हॉस्पिटलला फोन करायचा असतो. टबमधून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचा थर्मामीटर तेवढंच दाखवू शकतो. म्हणून ताप टबात उतरण्याआधी मोजा. नंतर तासाभरानेही ३८ दिसत असेल, तर ‘पाण्याची गरमी असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

‘क्लोरीन किंवा गंधक असतं, मग जंतू कुठून येणार?’

सगळ्यात महाग पडणारा दावा हा.

हॉट टब म्हणजे जंतूंना हवं तसं ऊबदार पाणी. लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू २५ ते ४५ अंशांत चांगला वाढतो. स्युडोमोनास कातडीवर केसांच्या मुळाशी लाल पुळ्या उठवतो. क्लोरीन या दोघांनाही मारतं, पण पाण्यात शिल्लक असलं तर. गरम पाण्यात, त्यातही बुडबुडे चालू असताना, ते झपाट्याने संपतं. घाम, तेल, क्रीम, मेलेली कातडी यांच्यावरही खर्च होतं. पोहण्याच्या तलावाच्या तुलनेत टबात पाणी अगदी थोडं असतं, त्यामुळे चार माणसं बसून उठली की सकाळी टाकलेल्या क्लोरीनचा भरवसा उरत नाही. शिवाय जेटच्या नळ्यांच्या आतून बुळबुळीत थर साचतो. त्या थराखाली क्लोरीन नीट पोहोचत नाही आणि जेट सुरू केले की तेच सगळं बारीक तुषार होऊन नाकातोंडात जातं. लेजिओनेला शिरतो तो याच वाटेने.

केमो घेणाऱ्याला याची भीती जास्त का, ते सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टात दिसतं. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला (टीएलसी) न्यूट्रोफिलच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या, टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. टीएलसी २,१०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर लढणाऱ्या पेशी उरल्या ६३०. हा आकडा १,००० च्या खाली असेल तर सार्वजनिक टब, कुंड, तलाव सगळं बंद. ५०० च्या खाली धोका फारच मोठा. बऱ्याच केमोंमध्ये हा तळ डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत गाठला जातो. नेमका याच सुमारास रुग्णाला जरा बरं वाटू लागतं आणि घरचे म्हणतात, चला, लोणावळ्याला दोन दिवस जाऊन येऊ!

पेशी ठीक असतील आणि रिसॉर्टच्या टबात उतरायचंच असेल, तर व्यवस्थापकाच्या शब्दावर जाऊ नका. क्लोरीन आणि पीएच मोजणाऱ्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. पट्टी पाण्यात बुडवून काढा, पाकिटावर सांगितलेले सेकंद थांबा आणि रंग तक्त्याशी जुळवा. मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं, ब्रोमीन असेल तर ४ ते ८, आणि पीएच ७ ते ७.८. पीएच त्याच्या वर गेला की क्लोरीन असूनही ढिलं पडतं. मग पाण्याखालच्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर माघारी फिरा. तळाची जाळी स्वच्छ दिसत नसेल तरीही. नाकात झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ हे स्वच्छतेचं लक्षण नव्हे. क्लोरीन घाम-लघवीशी संयोग पावल्यावर तो वास उठतो. नीट राखलेल्या टबाला उग्र वास येत नाही.

कुंडांचं काय? वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ या जागांवरच्या श्रद्धेबद्दल इथे काही म्हणायचं नाही, बोलायचंय ते पाण्याबद्दल. गंधकाचा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो आणि तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. उकळतं असल्यासारखं दिसणारं पाणीही शेकडो माणसांच्या अंगावरून गेल्यावर आणि आंघोळीइतकं निवल्यावर जंतूंच्या सोयीचं होतं. कोकणपट्टीतल्या झऱ्यांचं पाणी ठिकाणाप्रमाणे साधारण ४० ते ७० अंशांचं असतं. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोल भाजतं. उपचार चालू असताना कुंडाचं दर्शन घ्या, पाण्यात उतरणं पुढे ढकला.

‘घामावाटे केमोचं विष निघतं’

केमोची औषधं मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत बाहेर काढतात. काही औषधांचा अंश घामात येतो, पण तो इतका नगण्य की त्याने फरक पडत नाही. उलट घामाने पाणी कमी झालं तर सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला जास्त त्रास देतं आणि सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयात रेंगाळून त्याच्या अस्तराला जाळतं. म्हणून तर डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात.

‘हाताची सूज उतरते’

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसीकागाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील किंवा तिथे रेडिएशन झालं असेल, तर हातातलं लसीकाद्रव वाहून नेणाऱ्या वाटा कमी झालेल्या असतात. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, जास्त द्रव बाहेर झिरपतं आणि ते परत न्यायला वाट अपुरी पडते. सूज वाढते. पायाची सूज असेल तरी हेच. सूज अजून आलेली नाही पण गाठी काढल्या आहेत, अशांनीही तो हात गरम पाण्याबाहेर ठेवावा. सुजेवर उपाय म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून शिकलेला हलका मसाज, पट्टी किंवा दाबाची बाही, आणि व्यायाम.

‘दुखणं थांबतं’

आखडलेल्या स्नायूंना कोमट पाण्याने आराम मिळतो, झोपही बरी लागते. फॉरवर्डमधली ही एक गोष्ट मान्य. पण दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच लावलेला असेल तर टबाचं नावही काढू नका. उष्णतेने पॅचमधलं औषध वेगाने अंगात शिरतं. गुंगी चढते, श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवणंही म्हणूनच निषिद्ध.

दुसरी अडचण बधिर हातापायांची. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब या औषधांनी पावलांना मुंग्या येत असतील, तर चटका कळतच नाही. पाणी पायाने चाचपू नका, थर्मामीटर बुडवा. केपसायटाबिन चालू असून तळहात-तळवे लाल होऊन सोलत असतील, तर गरम पाण्याने ते आणखी चिघळतात.

‘गरम पाण्याने कॅन्सर पसरतो’

पहिल्या फॉरवर्डला उत्तर म्हणून हा दुसरा फिरतो: रक्ताभिसरण वाढतं, पेशी अंगभर जातात, म्हणून रुग्णाने थंड पाण्यानेच आंघोळ करावी. याला आधार नाही. चालल्यानेही रक्ताभिसरण वाढतं, आणि डॉक्टर रुग्णाला चालायलाच सांगतात. बादलीभर सोसवेल अशा गरम पाण्याने खुशाल आंघोळ करा.

टब पूर्ण बंद कुणाला? पिक लाइन किंवा हिकमन कॅथेटर (औषधासाठी शिरेत घातलेली, टोक अंगाबाहेर असलेली नळी) असेल त्यांना, पोर्टमध्ये (औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीत) सुई असताना किंवा पोर्टची जखम ओली असताना, टाके वा उघडी जखम असेल तर, रेडिएशन चालू असताना आणि नंतर कातडी पूर्ण भरून येईपर्यंत. स्टेम सेल प्रत्यारोपण झालेल्यांनी उपचार करणारी टीम परवानगी देईपर्यंत विषय काढू नये. केमोने हृदय कमकुवत झालेल्यांनी आणि प्लेटलेट फार उतरलेल्यांनीही विचारल्याशिवाय जाऊ नये. डॉक्टरांना नुसतं ‘टब चालेल का’ विचारू नका. ताजा सीबीसी, लाइन किंवा पोर्ट, पॅच, गाठी काढलेली बाजू आणि बीपीच्या गोळ्या, एवढं एका दमात सांगा.

परवानगी मिळाली, तर घरचा बाथटब सर्वांत बरा. नळाचं ताजं पाणी, ३७-३८ अंश, १० मिनिटं, मग पाणी सोडून द्यायचं. हॉट टब असेल तर सीमा तीच, जेट बंद, डोकं वर, सोबत जागं माणूस, आणि आधी-नंतर एकेक पेला पाणी. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळीवर असताना हॉट फ्लश (अचानक अंग तापून घाम फुटणं) येत असतील, तर तापमान आणखी उतरवा. उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसा, कारण गरम पाण्याने रक्तदाब उतरलेला असतो आणि हाडांत आजार पोहोचला असेल तर एक घसरणं म्हणजे फ्रॅक्चर. ओले कपडे लगेच बदलून साबणाने आंघोळ करा.

पुढच्या एक-दोन दिवसांत पोहण्याच्या कपड्याखाली पुळ्या उठल्या किंवा दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: अमुक तारखेला टबमध्ये बसलो होतो. लेजिओनेलाची लघवीची तपासणी वेगळी मागवावी लागते, आणि टबाचं कुणी बोललंच नाही तर ती मागवायचं सुचेलच असं नाही.