‘बर्फच पडत नाही, मग बोट तपासायची कशाला?’

थंडी ओसरली की करमाळा-टेंभुर्णीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: बोट पाण्यात सोडण्याआधी करायच्या तपासणीची लांबलचक यादी ही बर्फाच्या देशांतली भानगड आहे, पार्ट खपवायला इथं आणलेली. सोलापुरात पाणी गोठत नाही. जुन्या पेट्रोलात थोडं ताजं ओता, काठावरच दोरी ओढून इंजिन पाच मिनिटं फिरवून बघा, लाकडी होडी असेल तर डांबर फासा, लाइफ जॅकेट पावसाळा आला की मगच बाहेर काढा. झालं काम.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. कॅनडा-फिनलंडकडं इंजिनात राहिलेलं पाणी असं फुगून ब्लॉकला तडा पाडतं, म्हणून तिथं हिवाळ्याआधी पाणी काढून न गोठणारं द्रव आत फिरवतात. आपल्याला ती उठाठेव नको. पण यादीतला तेवढाच भाग बर्फाचा. बाकी सगळी कामं बोट महिनोन्‌महिने उभी राहिली म्हणून निघतात, आणि उभी राहिलेली बोट फिनलंडात बिघडते तशीच उजनी धरणाकाठच्या कुगावातही. (उजनीत फ्लेमिंगो दाखवणाऱ्यांच्या बोटी हिवाळाभर पाण्यातच असतात, त्यांचा इथं प्रश्न नाही. दिवाळीपासून बाभळीखाली पडून असलेल्या बोटींबद्दल बोलतोय.)

‘जुन्या पेट्रोलात ताजं ओता.’ सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपला फेब्रुवारी म्हणजे दुपारी घाम आणि पहाटे चादर. या चढउतारात अर्धी रिकामी टाकी दिवसरात्र हवा आत-बाहेर करते आणि दमट हवेचं पाणी आतल्या पत्र्यावर धरतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडं गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. इंजिनाची नळी इंधन ओढते तीही तळातूनच. टू-स्ट्रोकचं मिश्रण (पेट्रोलातच ऑइल मिसळलेलं) असेल तर आणखी वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि खालचा थर ऑइलविना पिस्टनपर्यंत जातो. इंजिन जाम व्हायला दुसरं काही लागत नाही. वरून ताजं पेट्रोल ओतून हे थर पुन्हा एक होतील या भरवशावर राहू नका. टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून तीही रिकामी करा. तिथलं पेट्रोल उडून मागं चिकट डिंक राहिला असेल तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, साफ केल्याशिवाय इंजिन नीट चालणार नाही. रबरी नळ्या वाकवून बघा, भेग दिसली की बदला.

‘काठावर पाच मिनिटं फिरवून बघा.’ अजिबात नको! आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावलेल्या इंजिनाला, रेडिएटर नसतो. खालच्या भागातला रबरी पंखा धरणाचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो, आणि त्या पंख्याचं वंगणही तेच पाणी. कोरडा फिरवला तर तो काही सेकंदांतच भाजायला लागतो, पाच मिनिटांत त्याचे तुकडे होतात. मोठ्या पिंपात पाणी भरा, इंजिनाचा खालचा भाग पाणी ओढायच्या जाळीच्या बराच वरपर्यंत बुडेल असा ठेवा, मग चालू करा. मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. पडली नाही तर लगेच बंद. जाळीत गाळ किंवा जलपर्णीच्या मुळ्या असतील, नाहीतर पंखा गेलेला असेल.

गिअर ऑइलबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. प्रोपेलरजवळच्या गिअरच्या घराचा खालचा स्क्रू सैल करून थोडं बाहेर घ्या. चहासारखं दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय. आपल्याकडं याचं नेहमीचं कारण म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा. तो प्रोपेलरमागं दांड्याला गुंडाळला जातो आणि पाणी अडवणारं सील कापतो. बर्फाच्या देशात ते पाणी गोठून गिअरचं घर फोडतं, इथं गुपचूप बेअरिंग गंजवतं. म्हणून प्रोपेलर काढून बघाच. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

बॅटरीचं थोडक्यात: विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ संपलेली.

‘लाकडी होडीला डांबर फासा.’ फासा, पण वाळलेल्या फळ्यांमधल्या फटी डांबराने ठासून भरू नका. फळ्या पाण्यात फुगल्या की भरलेलं बाहेर ढकललं जातं, नाहीतर खिळे सैल होतात. भोकं बुजवा, पातळ हात मारा, वाळू द्या, मग होडी काठाशी उथळ पाण्यात बांधून फळ्या फुगू द्या. सुरुवातीला पाणी शिरणारच, ते उपसत राहा.

‘धरण आपल्याला पाठ आहे,’ असंही मेसेजात आहे. ऑक्टोबरचं धरण पाठ असेल. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, आणि उन्हाळ्यात पातळी त्याच्याही खाली, वजामध्ये जाते. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर दिसायला लागतं, ते बघायला गर्दीही होते. पण मंदिर दिसण्याच्या आधी काही दिवस अशीच कितीतरी बांधकामं, झाडांचे बुंधे, विहिरींचे काठ पाण्याखाली हातभरावर असतात. प्रोपेलर तुटतो तो तिथं. पहिली फेरी हळू मारा, पुढं एक जण काठीने खोली बघणारा बसवा.

राहिले लाइफ जॅकेट. ते पावसाळ्यातच लागतात म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो: कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले ती तारीख २१ मे २०२४ होती. वळवाचं वारं पावसाळ्याची वाट बघत नाही. जॅकेट आताच बाहेर काढा, पट्टा जोरात ओढा, बक्कल लागतं का बघा. उंदरांनी फोम कुरतडला असेल तर ते जॅकेट बसायला गादी म्हणूनही बोटीत ठेवू नका. ऐन वेळी कुणीतरी तेच घालेल.