निराधारांना उत्पन्नाचा दाखला कशाला?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसायचं आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नसेल, तर (दिव्यांग सोडून) कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. महिन्याला 1,750. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज 297 रुपये होती. एखादी विधवा 71 दिवस कामावर गेली की 21,087 झाले, म्हणजे ती निराधार उरली नाही! रोजगार हमी योजनेची (रोहयोची) हमी मात्र तेव्हा 100 दिवसांची होती. एक हक्क पुरता वापरला की दुसरा जातो.

मग खरं उत्पन्न लिहायचं कुणी? तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदारांचा दाखला 21,000च्या आतच यावा लागतो, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. नियमच खोटं बोलायला लावतो, तेव्हा हक्काची मेहेरबानी होते. ज्याच्या मागे कुणी उभं आहे त्याचा दाखला निघतो. पारधी पालावरच्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा अडतो. मला विषमता इथे दिसते, नुसत्या रकमेत नाही.

त्यात 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. नवरा तोडीवर दुसऱ्या जिल्ह्यात वारला असेल तर मृत्यूची नोंद तिथेच होते. नोंद वर्षभरात झाली नाही, तर पुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. टाकून दिलेल्या बाईकडे तर ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा कागद.

हे टाळता येतं, हे याच राज्याने दाखवलंय. 2024च्या लाडकी बहीण योजनेत रक्कम तेव्हाच्या निराधार अनुदानाइतकीच, महिन्याला 1,500. मर्यादा अडीच लाखांची, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. त्याआधी, 1977च्या रोजगार हमी कायद्यात 'मागेल त्याला काम' होतं. गरिबीचा पुरावा कुणी मागितला नाही. अंग मोडून काम करू शकणाऱ्यावर विश्वास, आणि ज्याला काम झेपत नाही त्यानेच दाखले गोळा करायचे? निराधार योजनेलाही रेशनकार्डाचीच अट लावा. तोवर निदान मर्यादा तरी रोहयोत हमी असलेल्या सगळ्या दिवसांच्या मजुरीच्या वर न्या.

जे कार्यकर्ते अर्ज भरून देतात त्यांच्यासाठी: आधार, रेशनकार्ड, पासबुक यांवरची नावं अर्जाआधी जुळवून घ्या. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, इथे फार अर्ज अडकतात. अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. 'पैसे आलेच नाहीत' अशी तक्रार आली की आधी बँकेत हे विचारा. अर्जाची तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून निघू नका. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, पण पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे सिद्धच होत नाही. नामंजुरीचं कारणही तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा.