"भाकरी असताना हा उपद्व्याप कशाला?" म्हणणाऱ्या काकांना

काका, (वय 68 असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

ज्वारीच्या ब्रेडच्या पाककृतीखाली तुमची प्रतिक्रिया अशी: "भाकरी असताना हा उपद्व्याप कशाला? मुलीला भाकरी-पिठलं द्या. आमच्या वेळी असले आजार नव्हते, ही घोडबंदर रोडच्या टॉवरमधली फॅडं. त्यात एवढं साबुदाण्याचं पीठ, मग पौष्टिक कसलं? आणि मीठ दोन चमचे?"

मिठाचं तुमचं बरोबर. 300 ग्रॅम पिठाला एक लहान चमचा पुरतो. दुरुस्त केलंय, आभार.

पण "फॅड"? दोन दिवस हा शब्द डोक्यातून जात नाहीये. मी टॉवरमध्ये राहत नाही. नौपाड्यात, आमची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत राहते. अर्थात टॉवरमध्ये राहत असते तरी तुम्हाला असं बोलायचा अधिकार नव्हता. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिचं वजन वाढायचं थांबलं. हातपाय काड्या, पोट मात्र फुगलेलं. वर्षभर जंतांचं औषध आणि टॉनिकं चालू होती, हिमोग्लोबिन काही वर येईना. शेवटी रक्ततपासणी झाली, एंडोस्कोपीत लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा सिलिअ‍ॅक निघाला. ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं चिकट प्रथिन) पोटात गेलं की तिचंच शरीर आतड्याच्या अस्तरावर उलटतं. यावर गोळी नाही. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) जन्मभर बंद, हाच उपचार. याला फॅड म्हणताना जरा विचार करायला हवा होता.

आणि "आमच्या वेळी नव्हते" म्हणजे काय? गहू बंद केला की ही मुलं सुधारतात, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने 1950 मध्ये प्रबंधात मांडलं. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आपल्याकडे अशा मुलाला "अंगी लागत नाही" म्हणायचे आणि तिथेच विषय संपायचा.

भाकरी आमच्या घरी रोज होते. ती मला शिकवू नका. पण पीठ कुठून आणता? गिरणीतून. आमच्या गिरणीत मी समोर उभं राहून पाहिलंय: गव्हाचं दळण संपलं, दोन टिचक्या मारून पीठ झाडलं, की लगेच माझी ज्वारी वर ओतली. पहिल्या ओंजळीत शेजारणीचा गहूच आला असणार. ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं, म्हणजे चिमूटभर गव्हाचं पीठही जास्तच. हे कळायच्या आधी "शुद्ध ज्वारीची" म्हणून मीच तिला चार महिने तशी भाकरी खाऊ घातली. म्हणून घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधी पडत नाही.

ब्रेडही हौसेने शिकले नाही. डब्यात भाकरी दुपारपर्यंत कडक होते, आणि वर्गात सगळ्यांकडे सँडविच. तिने कधी हट्ट केला नाही, त्याचंच जास्त लागायचं. ग्लुटेन नसलं की पीठ धरून ठेवायला काही उरत नाही, यीस्टचा वायू निसटतो. माझे पहिले सहा ब्रेड मध्ये खचले. मग 20 ग्रॅम इसबगोल पाण्यात भिजवून त्याची खळ पिठात घालायला लागले. पीठ थालीपिठापेक्षा सैल राहतं, ओल्या हाताने टिनमध्ये थापायचं, एकदाच फुगू द्यायचं. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, नाहीतर आत चिकट. तिने पहिला चौकोनी सँडविच डब्यात नेला, त्या दिवशी डबा पुसून परत आला.

साबुदाण्याबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही. लागतो म्हणून घालते.

आणि ते पिठलं. फोडणीला हिंग घालता ना? डबीवरचे घटक वाचा. बांधणीच्या (डिंक आणि पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं.