माझा कर्सर पळवू नका!

आज पुन्हा तेच. लॉगिनचं पान उघडलं, युजरनेम टाकलं, टॅब दाबला, पासवर्ड टाइप करायला लागले आणि मधेच कर्सर टुणकन उडी मारून परत युजरनेमच्या चौकटीत! पासवर्डची उरलेली अक्षरं धडधडीत स्क्रीनवर, आणि शेजारी माणूस उभा. का, तर कुणीतरी लोड इव्हेंटवर, म्हणजे पान पूर्ण उघडल्याच्या क्षणी, फोकस() (कर्सर चौकटीत नेणारी आज्ञा) टाकून ठेवलंय. अरे, तो इव्हेंट पानावरची चित्रं, स्टाइलशीट सगळं येईपर्यंत थांबतो. नेट हळू असेल तर तोवर माणूस कामाला लागलेला असतो. फोकस हलवण्याआधी डॉक्युमेंट.ॲक्टिव्हएलिमेंट, म्हणजे फोकस आत्ता कुठे आहे ते, बघायचं, माणूस आधीच एखाद्या चौकटीत असेल तर गप्प बसायचं. एका ओळीचं काम आहे!

मग ओटीपी. सहा आकड्यांना सहा वेगळ्या चौकटी, प्रत्येक आकड्यानंतर स्क्रिप्ट पुढे ढकलणार. एक आकडा चुकला की बॅकस्पेसला मागे जाता येत नाही. पेस्ट केलं तर पहिला आकडा घेतात, बाकीचे गायब. एकच इनपुट ठेवा ना! त्याला ऑटोकम्प्लीट म्हणून 'वन-टाइम-कोड' लिहिलं तर कितीतरी फोनवर मेसेजमधला कोड कीबोर्डच सुचवतो.

पण सगळ्यात संताप येतो तो ब्लरवरच्या, म्हणजे चौकट सोडताक्षणी होणाऱ्या, तपासणीचा. फोन नंबर रिकामा ठेवून पुढे गेलं की अलर्ट, आणि कर्सर खेचून मागे. अहो, मला आधी खाली काय काय मागितलंय ते बघू तर द्या! टॅब नाही, शिफ्ट-टॅब नाही, अडकून पडायचं. कीबोर्डने आत गेलेल्याला कीबोर्डने बाहेर पडता आलं पाहिजे, हे डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीत, 2008 पासून लिहिलंय, तेही 'ए' म्हणजे अगदी किमान पातळीवर. चुका सबमिटनंतर दाखवा आणि तेव्हा खुशाल पहिल्या चुकलेल्या चौकटीवर फोकस न्या. तिथे तो हवाच असतो, आणि नेमका तिथेच कुणी नेत नाही! पान जागच्या जागी राहतं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला काही घडलं हेसुद्धा कळत नाही.

वर 'आउटलाइन: नन', म्हणजे फोकस असलेल्या चौकटीभोवतीची रेघच काढून टाकायची. डिझाइनमध्ये ती रेघ बरी दिसत नाही म्हणे. मग टॅब दाबत मी नेमकी कुठे पोचले, हे शोधायचं तरी कसं?