पाण्यावरून जाणारा टँक

महिन्याची २० तारीख उलटली की आमच्या धंद्यातली माणसं माणसात येतात. सगळ्या गिऱ्हाइकांच्या थ्री-बी (जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं) भरून झालेल्या असतात, आता आठवडाभर तरी कोणी "मॅडम, पोर्टल चालंना" म्हणून फोन करणार नसतं. परवा तशाच रात्री आमटीत कडक भाकरी चुरली, ताट मांडीवर घेतलं आणि फोन उघडला, तर कोणीतरी 'आजवरच्या सर्वोत्तम शंभर व्हिडिओ गेम'ची यादी टाकलेली. असल्या याद्या मी शंभरापासून उलट्या वाचते. एक नंबरपर्यंत पोचले, भाकरी संपली, हात वाळला, पण टँक काही आला नाही.

कोणता टँक, हे सोलापुरात वाढलेल्या चाळिशीतल्या माणसाला सांगायला लागू नये. विटांच्या भिंती, खाली मधोमध तो गरुड (आम्ही त्याला कोंबडी म्हणायचो) आणि वरून येणारे वीस टँक. कोंबडी मेली की खेळ खल्लास. त्याचं खरं नाव बॅटल सिटी. नामको कंपनीने १९८५ साली जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या मशीनसाठी काढला आणि त्या मशीनसाठी अमेरिकेत तो कधी विकलाच नाही. याद्या करणारे बहुतेक अमेरिकेतले, निदान तिथल्या दुकानांत वाढलेले. त्यांच्या लेखी आपला टँक म्हणजे 'दुर्मिळ जपानी गेम'. मला हसूच आलं. माझ्या गल्लीत गणपतीच्या आरतीखालोखाल जी गोष्ट सगळ्यांना पाठ होती, ती दुर्मिळ!

'अनोळखी गेम' हा शब्द कोणी वापरला की मी हल्ली लगेच विचारते, अनोळखी कुणाला?

आम्ही पूर्व भागात राहायचो. खाली मालकांचा टॉवेलचा कारखाना, वर आम्ही आणि शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का. माग चालू असले की टीव्हीचा आवाज पुरता वाढवायला लागायचा. म्हणून मला बऱ्याच गेमचं संगीत मागाच्या खटखटीसकट आठवतं. मोठेपणी इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) तेच संगीत शांत खोलीत ऐकलं तर काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. ताल गेला होता.

मशीन १९९४ साली आत्याच्या यजमानांनी आणलं. त्याला आम्ही नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, कंट्रोलरला रिमोट आणि गेमच्या कार्ट्रिजला कॅसेट. ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होतं हे मला पंधरा वर्षांनी कळलं. तेव्हा निन्टेन्डो हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारलेला नव्हता. कॅसेट गड्ड्यातून, म्हणजे सोलापूरच्या जत्रेतून आणलेली. होम मैदानावर संक्रांतीच्या जत्रेत पाळणा सोडून त्या पैशात कॅसेट घेतली, यावरून दादाशी चार दिवस अबोला होता. तिच्यावर लिहिलं होतं '९९९९९९ इन वन'. दादाने हिशोब केला: रोज दहा गेम खेळले तरी २७० वर्षं पुरतील. प्रत्यक्षात गेम होते तीस-पस्तीस, बाकी सगळी तीच ती नावं फिरवून फिरवून. कुठे तोच गेम पाचव्या स्टेजपासून सुरू, कुठे लाइफ जास्त. कॉन्ट्राच्या तीस लाइफसाठी जगभरची पोरं वर-वर-खाली-खाली करत बटणं दाबत होती. आमच्याकडे तीस लाइफवाला कॉन्ट्रा मेनूत वेगळाच मांडलेला होता. फसवणूक म्हणा, पण सोयीची.

(कॉन्ट्रा मला कधीच फार आवडला नाही. एकदा बोलून टाकते. दादाच्या पुढे पळण्याच्या घाईत मी खड्ड्यात पडायचे आणि तो वर चढला की पडदा सरकून मी मरायचे. त्यात मजा ती काय?)

टँकमध्ये मात्र दोघांचं भांडण खेळातच बसवलेलं होतं. आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी गोठतो. कोणी जपानी माणसाने भावंडांचा अभ्यास करूनच हे केलं असणार. टँकची ताकद वाढवणारा तारा दादाने उचलायचा की मी, यावरून तो मला गोठवायचा आणि आरामात जाऊन तारा घ्यायचा. मग मी आपल्याच कोंबडीवर गोळी झाडायचे. हो, तेही करता यायचं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "काय करलालीस बे? रडवू नको त्याला!"

सगळ्यात मोलाची चीज होती ती नकाशा बनवायची सोय. आपल्याला हवी तशी स्टेज मांडता यायची: विटा, लोखंड, पाणी, झाडी. मैदान तेरा बाय तेरा चौकोनांचं. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत तेवढेच चौकोन आखून आधी नकाशा काढायचे, मग पडद्यावर उतरवायचे. कारण लाइट गेली की नकाशा गेला, मशीन काही लक्षात ठेवायचं नाही. भुईकोट किल्ला केला होता मी एकदा, भोवती पाण्याचा खंदक घालून. अक्कांचा मुलगा अर्धा तास कोंबडीपर्यंत पोचू शकला नाही. मग बोट आली आणि तो खंदक ओलांडून आत शिरला.

ही बोट म्हणजे खरी गंमत. आमच्या टँकमध्ये एक वस्तू मिळायची, ती घेतली की टँक पाण्यावरून जायचा. पुढे नोकरी लागल्यावर पहिला लॅपटॉप घेतला, अस्सल बॅटल सिटी शोधून काढला, सगळ्या ३५ स्टेज खेळले. फावडं मिळालं, टोपी मिळाली, घड्याळ, तारा, बॉम्ब मिळाला. बोट नाही. दादाला फोन केला, तो म्हणाला, "बोट होती." अक्कांचा मुलगा तेव्हा हैदराबादला होता, तो म्हणाला, "होतीच." तीन माणसांना एकच खोटी गोष्ट आठवू शकते का, असा प्रश्न मला खरोखर पडला.

उत्तर नंतर मिळालं. आमचा टँक अस्सल नव्हताच. त्याला टँक १९९० म्हणतात. नकली कॅसेटी करणाऱ्यांपैकी कोणीतरी बॅटल सिटी उघडून त्यात आपल्या पदरची बोट घातली, एक पिस्तूल घातलं, आणखी नकाशे घातले. म्हणजे चोराने चोरीच्या मालावर स्वतः नक्षीकाम केलं. आणि खरं सांगू? तो अस्सलपेक्षा चांगला आहे. पाणी ही अडचण कायमची राहिली नाही की खेळणाऱ्याला सतत दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. 'मूळ कलाकृती'वाले मला झोडपतील, झोडपू देत.

दोन पेंग्विनांचा शोध याहून जास्त चालला. पडद्याच्या मध्ये भिंत, एका बाजूला एक पेंग्विन, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. रिमोट एकच. उजवीकडे दाबलं की एक उजवीकडे जातो आणि दुसरा डावीकडे. वर-खाली मात्र दोघं बरोबर. दोन्ही बाजूंच्या वाटा सारख्या नाहीत, मधे कोळ्यांची जाळी, एक अडकला की दुसऱ्याने येऊन सोडवायचं. आणि वरच्या पिंजऱ्यातल्या बदामाशी दोघांनी एकाच वेळी पोचायचं. एक आधी पोचला तर उपयोग नाही. आमच्या मेनूत त्याचं नाव काहीतरी भलतंच होतं. आई दुपारी निवांत बसून खेळायची तो हा एकच गेम. मारामारी नाही म्हणून.

त्याचं नाव मला लग्नानंतर सापडलं. कोणीतरी जुन्या कॅसेटींचे मेनू एकेक करून खेळून दाखवत होता, त्यात अचानक ते दोघे आले. बायनरी लँड, हडसन सॉफ्ट, फॅमिकॉमवर १९८५. पेंग्विनांना नावंही होती, गुरिन आणि मालोन. आईला फोटो पाठवला. तिने उलट विचारलं, "हे आपल्याकडं होतं का?" मी पंचवीस वर्षं जपलं ते जिच्यासाठी, ती विसरून मोकळी.

मुस्तफा या गेमबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो मी लहानपणी खेळलेच नाही. नाणं टाकून खेळायचं मशीन चौकातल्या पार्लरमध्ये होतं. तिथे मुलींनी जायचं नाही, असा नियम कोणी केलेला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता. दूध आणायच्या निमित्ताने मी दारातून जेवढं दिसेल तेवढं बघायचे: पिवळ्या टोपीवाला पळत येतो आणि लाथ घालतो, पोरं किंचाळतात. घरी येऊन दादा सगळं करून दाखवायचा. त्या गेमला सगळे मुस्तफाच म्हणायचे. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. मुस्तफा हे चारांपैकी एका गड्याचं नाव, पण आपल्याकडे अख्खा गेम त्याच्या नावावर चढला, सातबारा झाल्यासारखा.

हा गेम मी २०१४ मध्ये घरी बसून, कोणाच्या खांद्याआडून न बघता, पहिल्यांदा खेळले. खेळाडू निवडायचा पडदा आला आणि मी तशीच थांबले. चारांत एक बाई होती. हॅना. इतकी वर्षं गल्लीतल्या एकाही पोराने हे सांगितलं नव्हतं. दादाला विचारलं तर म्हणाला, "होती की. तिला कोण घ्यायचं?"

मी तिलाच घेते. अजूनही.

कॉम्प्युटर क्लासचे दिवस लवकर उरकते, त्यावर सगळेच लिहितात. डेव्ह, रोड रॅश, आयजीआय. आयजीआयबद्दल लोक डोळे ओले करून बोलतात, पण मिशनच्या मधे सेव्ह करायची सोय नसणं यात शौर्य काही नव्हतं, ते नुसतं छळणं होतं. शेवटच्या खोलीत गोळी लागली की पुन्हा तारेच्या कुंपणापासून सुरू. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा तो पुन्हा खेळून दाखवावा. जिथे सोय असते तिथे मी सेव्ह करते, दर दोन मिनिटांनी करते, आणि मला लाज वाटत नाही.

प्रिन्स ऑफ पर्शियाला मात्र मानते. जॉर्डन मेकनरने १९८९ साली तो ज्या मशीनवर केला, त्यात नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर चढवली आणि त्यातून एक सावली तयार केली. आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते आणि पुढे आपल्याच वाटेत येते. तिला मारलं की आपण मरतो. शेवटी तलवार म्यान करायची, मग ती आपल्यात येऊन मिसळते. जागा नाही म्हणून सुचलेली युक्ती, आणि अख्ख्या गेममधली सगळ्यात खोल गोष्ट तीच. दोन खोल्यांत सहा माणसं राहिलेल्यांना हे पटेल.

याच मेकनरचा नंतरचा एक गेम माझ्या ओळखीत कोणीही खेळलेलं नाही. द लास्ट एक्स्प्रेस, १९९७. जुलै १९१४, पहिलं महायुद्ध तोंडावर आलेलं, पॅरिसहून निघालेली ओरिएंट एक्स्प्रेस आणि त्यात आपण. घड्याळ खऱ्याच्या सहापट वेगाने धावतं आणि आपल्यासाठी थांबत नाही. जेवणाच्या डब्यात दोन माणसं काहीतरी बोलत असतात. आपण तिथे असलो तर ऐकायला मिळतं, नसलो तर ते बोलून मोकळे होतात. चुकलं तर काटे मागे फिरवायचे. बाजारात तो सपशेल आपटला. पुढे फोनवर निघाला तेव्हा मी घेतला आणि कामासाठी पुण्याला जाता-येता हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये खेळले. एकदा कुर्डुवाडीला चढलेल्या दोन बायका मागच्या बाकावर जमिनीच्या वाटणीचं बोलत होत्या. मी गेम बंद करून दौंडपर्यंत त्यांचंच ऐकत बसले. निकाल काय लागला ते कळलं नाही, त्या उतरल्या. इथे काटे मागे फिरत नाहीत.

या गेमबद्दल बोलायला सोलापुरात मला अजून एक माणूस मिळालेला नाही. टँकबद्दल बोलायला रिक्षावाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत कोणीही चालतो. आणि जगाच्या याद्यांत दोन्ही सारखेच कोपऱ्यात.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन नावाची एक संस्था आहे. तिने २०२३ मध्ये मोजून सांगितलं की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. हे झालं ज्यांची नोंद आहे त्यांचं. आमच्या कॅसेटीतल्या बोटीची मोजदाद कोण करणार? ती ज्याने घातली त्याला नाव नाही, ज्या पोरांनी चालवली त्यांच्याकडे पावती नाही. पायरसीची बाजू मी घेत नाहीये, दिवसभर लोकांची बिलंच तपासते मी. पण टँक १९९० टिकून राहिला तो नियम न पाळणाऱ्या लोकांनी प्रती काढून ठेवल्या म्हणून, हे हिशोबाच्या वहीत लिहायलाच हवं.

यंदा गड्ड्याला दादा आला होता. टीव्हीला लॅपटॉप जोडला, दोन रिमोट लावले, बोटवालाच टँक लावला. दादाने चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या मिनिटात मला गोठवून तारा घेतला. वय ४६. माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मामा, असं नाही करायचं." मी काही बोलले नाही, फक्त टँक कोंबडीकडे वळवला.

आता कामाचं. आमच्या कॅसेटीतला एक गेम अजून सापडत नाहीये. हिरवट पडदा, एक बुटका माणूस डोक्यावर काहीतरी गाठोड्यासारखं घेऊन जिन्यांवरून चालतो. दुसऱ्या कोणाला धडकला की गाठोडं पडतं आणि तीन सुरांचं रडगाणं वाजतं. मारामारी नाही, गोळी नाही. दादा त्याला 'हमाल' म्हणायचा. मेनूत तो ३० ते ४० च्या मधे कुठेतरी होता. खरं नाव कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. सोलापुरातले असाल तर पाव किलो शेंगाचटणी घरपोच, बाहेरचे असाल तर कुरिअरने.