कपॅसिटर अर्धपोटी राहतो म्हणे!

आरसी फिल्टरबद्दलचा (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, चालू-बंद पल्सचं सपाट व्होल्टेज करणारी) एक दावा इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांमध्ये छातीठोकपणे फिरतो: कपॅसिटर भरायला पाच आरसी (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, त्याच्या पाचपट) एवढा वेळ लागतो, पल्स त्याहून छोटा असला की तो अर्धपोटीच राहतो, म्हणून सरासरी व्होल्टेज ड्यूटी सायकलच्या (फेऱ्यातला पल्स चालू असण्याचा वाटा) हिशेबापेक्षा कमी येतं. कपॅसिटर जितका मोठा, तितकं आणखी कमी.

आधी ते ‘वेळ मिळत नाही’ प्रकरण. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची ९ नंबरची पिन घ्या. ५ व्होल्ट, ४९० हर्ट्झ, म्हणजे एक फेरा २.०४ मिलिसेकंदांचा. ड्यूटी २५ टक्के, म्हणजे हिशेबाने सरासरी ५ च्या पाव, १.२५ व्होल्ट. पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पल्स ०.५१ मिलिसेकंद टिकतो आणि पाच आरसी भरतात ५०० मिलिसेकंद! पण भरायला वेळ नाही तसा रिकामं व्हायलाही नाही, हे सोयीस्कर विसरलं जातं. कपॅसिटर १.२५ व्होल्टला आला की पल्स असताना ०.३७५ मिलिअँपिअर आत येतो, ०.५१ मिलिसेकंद. उरलेले १.५३ मिलिसेकंद ०.१२५ मिलिअँपिअर बाहेर जातो. गुणून बघा, दोन्हीकडे ०.१९ मायक्रोकुलोंब. जमा तेवढाच खर्च. व्होल्टेज १.२५ च्या खाली असेल तर जमा जास्त, म्हणजे व्होल्टेज चढणारच.

मोठ्या कपॅसिटरचं म्हणाल, तर वरच्या जमाखर्चात कपॅसिटन्स कुठे आला? तो रिपल, म्हणजे व्होल्टेजचं उरलेलं वरखाली होणं, ठरवतो (इथे साधारण १९ मिलिव्होल्ट) आणि पोचायला लागणारा वेळ. १०० मायक्रोफॅरड लावून सेकंदाभरात मीटर बघितलात तर ०.७९ दिसेल. चहाचे दोन घोट घ्या, मग बघा.

‘स्कोपवर (लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) तर सरासरी वेगळीच दिसते’ असंही ऐकवतात. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असला की लाट ०.५ ते २.३ व्होल्टमध्ये झुलते, मध्य येतो १.४. तो मध्य झाला, सरासरी नव्हे. लाट खालच्या अंगाला जास्त वेळ रेंगाळते. सरासरी १.२५ च.

मग काहींना खरंच कमी का दिसतं? बहुतेकदा लोडमुळे, म्हणजे पुढे जोडलेल्या, करंट ओढणाऱ्या भागामुळे. १० किलोओहमचा लोड जोडला की थेट निम्मं, ०.६३. कधी यूएसबीचे ‘५ व्होल्ट’ मुळात ४.८ असतात. हिशेब खरोखर मोडायचाच असेल तर सिरीजमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका. परतीची वाट बंद होते आणि व्होल्टेज पल्सच्या शिखराकडे चढत जातं, म्हणजे दाव्याच्या बरोबर उलट.